पट्टीवरची सात अक्षरं

बाबांचा म्हणून मी काढलेला जो शेवटचा फोटो आहे, त्यात बाबा नाहीत. दवाखान्यातल्या खाटेवर जेवणासाठी ओढून घेतात ते टेबल आहे, त्यावर संत्र्याची सालं, औषधाची एक बाटली आणि स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाची लाकडी पट्टी. पट्टीवर सात सोंगट्या उभ्या आहेत. ए, डी, ई, ई, एच, आर, टी.

पक्षाघातात त्यांची वाचा गेली होती. उजवा हात जिथे ठेवावा तिथेच पडून राहायचा. डावा चालायचा. हाताला काहीतरी चाळा असावा म्हणून मी घरून सोंगट्यांची पिशवी आणि एक पट्टी आणून दिली होती. त्या दुपारी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायला खाली गेले आणि परत आले तोवर त्यांनी ही सात अक्षरं मांडली होती. "बाबा, हे काय आहे?" मी विचारलं. ते पट्टीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघत राहिले. मला काही सुचलं नाही म्हणून मी फोटो काढला. पुढच्या आठवड्यात ते गेले.

आता ते शवागारात होते आणि शनिवारी घरच्यांची बैठक बसायची होती. ठरवायचं एवढंच होतं की त्यांना कुठे पुरायचं. आमच्या लोकांत पुरुष मेला की त्याला त्याच्या वडिलांच्या अंगणात नेतात. जन्मभर कुठेही राहिलेला असो, शेवटी तो गावी जातो. आमचं गाव उघेल्लीच्या पलीकडे आहे आणि तिथे माझे थोरले काका राहतात, मुडियागा काका, बाबांचे मोठे भाऊ आणि शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पण आई इथे सापेलेत आहे, चर्चच्या दफनभूमीत. ती गेली तेव्हा पुराने गावचा रस्ता तुटला होता, म्हणून ती इथेच राहिली. त्यानंतर बाबा दर रविवारी प्रार्थना झाली की तिच्याजवळ जाऊन बसायचे.

दवाखान्यात मी बाबांना विचारलं होतं, "तुम्हाला आईच्या शेजारी ठेवायचं का?" त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबला होता.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, मी त्याला बघून गेलोय. तू डॉक्टरांशी बोलत होतीस तेव्हा मी आत होतो. त्याने पट्टीवर काय मांडलं होतं ते तू बघितलंस ना? ए, डी, ई, ई. बालवाडीतल्या पोरासारखी एबीसीडी लावत होता माझा भाऊ. डेल्टा राज्याचा स्क्रॅबल कोच! मी व्हरांड्यात जाऊन रडलो. असल्या माणसाने हात दाबला तर तो कशासाठी दाबला, तूच सांग."

एबीसीडी माझ्याही लक्षात आली होती, फक्त मी ती स्वतःशी उच्चारली नव्हती.

मी इबादानला कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. शब्दाचा अर्थ लावणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे त्या आठवड्यात मी दुसरं काही करूच शकले नसते. कागद घेऊन बसले आणि त्या सात अक्षरांतून काय काय निघतं ते बघू लागले. बाबा खरोखरच नुसती एबीसीडी लावत होते, की त्यांना एखादा शब्द लिहायचा होता आणि अक्षरं जुळली नाहीत? शब्द सापडला तर शनिवारी मला तोंड उघडता येणार होतं.

शब्द भराभर निघाले. हीच तर अडचण झाली. पहिल्यांदा हार्ट, म्हणजे हृदय, निघालं. त्यातलं एकच अक्षर उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं की माती. मग मृत्यू. मग द्वेष, आणि तीच सहा अक्षरं हलवली की धागा. प्रिय हा शब्दही होता, पत्राच्या सुरुवातीला लिहितात तो. झाडही होतं. मी प्रत्येक शब्दापाशी थांबत होते आणि प्रत्येक शब्द बाबांच्या तोंडी शोभत होता. द्वेषसुद्धा. आयुष्यभर शांत राहिलेल्या माणसाला शेवटी कशाचा तरी राग आला असेल असं वाटायला लागलं, मग कशाचा ते मी शोधायला लागले.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि त्याच वेळी मला 'इथे' सापडला. इंग्रजीतला साधा 'इथे', दोन्ही ई वापरून. मी उठून उभी राहिले. इथे! सापेलेत, आईजवळ. याहून स्पष्ट काय हवं? आनंदाने मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन कागदाकडे बघितलं, तर त्याच चार अक्षरांच्या आधी टी ठेवला की 'तिथे' होत होता. टी पट्टीवर होताच. सगळ्यात शेवटी, जरा लांब उभा.

मी कागद उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या स्क्रॅबल क्लबात गेले. क्लब म्हणजे जुन्या लाकूड कारखान्याच्या स्टाफ कॅन्टीनचा व्हरांडा. बाबा त्याच कारखान्याच्या ऑफिसात होते, आणि कारखाना बंद पडल्यावर फक्त हा व्हरांडा चालू राहिला. मी लहानपणी शिकायला बाहेर गेले ती तशी परतलेच नाही, त्यामुळे इथे मी चार-पाच वेळाच आले असेन. उत्तरेकडून हरमॅटन वाऱ्याची धूळ सुटली होती. खेळाडू ओल्या फडक्याने पट पुसत होते आणि एकमेकांवर ओरडत होते.

"हा शब्द नाही! हा तुझ्या सासूबाईंनी शिकवलेला शब्द आहे!"

"मग घे ना हरकत! घे! घाबरतोस कशाला?"

"घाबरतो? मी? अरे, तुझा मागचा डाव संपला तेव्हा तुझ्यासाठी रुमाल कोणी आणला होता?"

ओरडणारा गॉडस्पॉवर होता, पॉलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्र शिकवतो तो. मला बघून तो गप्प झाला आणि उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले. बेमिघो आंटींनी येऊन मला जवळ घेतलं. त्या दातांच्या डॉक्टर, आणि बाबांच्यानंतर क्लबच्या कॅप्टन.

"बस. काही खाल्लंयस? नाही खाल्लंयस. ए, कोणीतरी पेपरसूप सांगा."

मी बसले आणि म्हणाले, "मला सात अक्षरांतून एक शब्द हवाय. बाबांनी शेवटी मांडली होती ती अक्षरं." आणि मी अक्षरं सांगितली, कागदावर ज्या क्रमाने घोळवली होती त्या क्रमाने. एच, ई, आर, ई, टी, ए, डी.

डी अजून माझ्या तोंडात होता, तेवढ्यात तिघं एकदम बोलले.

"हृदयवाला!"

"मातीत पुरलेला! विजेच्या अर्थिंगची तार पुरतात तसा."

"सातही अक्षरांचे दोनच," गॉडस्पॉवर म्हणाला. "सहांचे हवेत? पाणी तापवायचं यंत्र. आणि तापलेलं पुन्हा तापवणं. माझी बायको काल रात्रीचा भात करते ते."

"कोचच्या मुलीला, आपल्या सिस्टरला, भाताचं काय सांगतोस?" मागून कोणीतरी म्हणालं.

"ती विचारतेय म्हणून सांगतोय! द्वेष. धागा. टंचाई. अजून आहेत."

मी म्हणाले, "पण यातला बाबांना कुठला म्हणायचा होता?"

ते एकमेकांकडे बघू लागले. मी काही चमत्कारिक बोलले होते हे मला कळलं, पण काय ते कळेना.

"म्हणायचा होता?" गॉडस्पॉवर सावकाश म्हणाला. "दोन्हींचे गुण सारखेच, सिस्टर. पटावर कुठे जागा आहे त्यावर ठरतं."

"पट नव्हताच. नुसती पट्टी होती."

"मग कुठलाच नाही," तो म्हणाला, आणि हे फार कठोर झालं असं वाटून त्याने आपल्या बाटलीतून अर्धं माल्टचं गोड पेय माझ्या ग्लासात ओतलं.

मग मला रडू आलं. मी ते आवरलं. काका काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं: पट्टी, एबीसीडी, बालवाडी, दाबलेला हात, शनिवार. "मला एवढंच हवं होतं," मी म्हणाले, "की त्यांचं डोकं ठिकाणावर होतं असं दाखवणारा काहीतरी शब्द निघावा. पण काहीही निघतंय. सगळंच निघतंय."

बेमिघो आंटी म्हणाल्या, "थांब. एबीसीडी म्हणजे? तू आत्ता अक्षरं सांगितलीस ती एबीसीडीत नव्हती."

"ती मी हलवली होती. त्यांनी मांडली ती अशी." मी फोन काढून फोटो दाखवला.

आंटींनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो मोठा केला. मग फोन गॉडस्पॉवरला दिला. त्याने बघितला आणि शेजारच्याला दिला. फोन हातोहात सगळ्या व्हरांड्यातून फिरून आला.

"इकडे ये," आंटी म्हणाल्या, आणि मला दंडाला धरून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेल्या, खेळणाऱ्यांच्या पाठीमागे. "ही गॉडस्पॉवरची पट्टी बघ."

बी, सी, ई, आय, एन, ओ, एस.

"आता ही माझी."

तीही तशीच. पुढच्या टेबलावर गेलो. तिथल्या दोन्ही. प्रत्येकाने आपापली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने उभी केली होती. ई दोन असतील तर दोन्ही ई शेजारीशेजारी.

"तुझ्या बाबांनीच लावलेली सवय आहे ही," आंटी म्हणाल्या. "पिशवीतून अक्षरं येतील तशी ठेवली तर डोळा तिथेच अडकतो. आधी रांगेत लाव, कोच म्हणायचे, मग शोध. रांगेत लावली की त्या सातांचा चेहरा दर वेळी तोच दिसतो. चेहरा ओळखीचा झाला की नाव आपोआप आठवतं. माझ्या बोटांवर पट्टी मारायचे ते. मी तेव्हा डॉक्टर झालेले होते, तरी."

"मला हे कधी कसं दिसलं नाही?" मी म्हणाले. "मी त्यांच्याबरोबर खेळलेय."

"समोर बसून खेळलीस ना? समोरच्याची पट्टी कोणाला दिसते? तिची पाठ दिसते." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "तुझ्या काकांनाही पाठच दिसली असणार सगळा जन्म."

मी परत येऊन खुर्चीत बसले. पेपरसूप आलं होतं, त्यावर साय धरायला लागली होती. म्हणजे बाबा शुद्धीवर होते. डाव्या हाताने त्यांनी सात सोंगट्या काढल्या आणि जन्मभर लावल्या तशा लावल्या, एकही चूक न करता. याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण मग इतके दिवस मी ज्यात बाबांचा निरोप शोधत होते, ती नुसती तयारी होती. ते काही म्हणत नव्हते. शोधायला बसत होते.

"शनिवारी मी येते," आंटी म्हणाल्या.

"मीपण," गॉडस्पॉवर म्हणाला. "हेडमास्तर लोकांशी मला बोलता येतं. मी त्यांचा फार मार खाल्लाय."

बैठक आमच्या घरातच होती, बाबांच्या बैठकीच्या खोलीत. काकांनी जिनचे चार थेंब दाराबाहेर मातीवर सांडले, पूर्वजांची नावं घेतली, कोला फळ फोडून सगळ्यांना दिलं. उफुओमा आत्या, बाबांची धाकटी बहीण, नवा विग घालून आली होती आणि सारखा हात लावून तो सरळ करत होती. बाकी भावकी भिंतीकडेने बसली होती.

मी फोटो दाखवला. आंटींनी पट्टीचं समजावून सांगितलं. गॉडस्पॉवरने पिशवी आणली होती. त्याने काकांना सात अक्षरं काढायला लावली आणि ती रांगेत लावून, नजर न हटवता, त्यातून शब्द काढून दाखवला. भावकीत कोणीतरी टाळी वाजवली आणि आत्याने त्याच्याकडे डोळे वटारले.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. हेडमास्तर होते, ऐकून घ्यायची सवय होती. मग विचारलं, "म्हणजे तो एबीसीडीवर आला नव्हता?"

"नाही, सर," आंटी म्हणाल्या.

"त्याला सगळं समजत होतं?"

"सगळं, सर. कोचचं डोकं खेळायला बसलं होतं."

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना असं सुटल्यासारखं बघितलं नव्हतं. "देवाचे उपकार," ते म्हणाले. "मी त्याला मरण्याआधीच मेलेला समजत होतो." मग डोळे उघडून माझ्याकडे वळले. "मग झालंच तर. प्रश्न मिटला. मीही त्याला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"की तुला आपल्या वडिलांच्या अंगणात नेतो, चालेल ना? त्याने माझा हात दाबला. मी ते धरलं नव्हतं, म्हटलं त्याला काय कळतंय. पण तू म्हणतेस कळत होतं. तूच साक्षीदार घेऊन आलीस."

मी बेमिघो आंटींकडे बघितलं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. काकांची बाजू मीच भक्कम करून दिली होती, आणि त्यासाठी डॉक्टर आणि प्राध्यापक बरोबर आणले होते.

"किती जोरात दाबला, काका?" गॉडस्पॉवरने विचारलं.

"म्हणजे काय? दाबला म्हणजे दाबला!"

"सिस्टरचा जास्त जोरात दाबला असेल तर—"

"तू गप्प बस," आंटी म्हणाल्या.

उफुओमा आत्या खाकरली. "खरं सांगू का? माझाही दाबला. मी विचारलं होतं, भाऊ, हा विग मला बरा दिसतो का?"

भिंतीकडचा एक जण हसला, मग दुसरा. काकांनी हसू दाबलं आणि मग त्यांना ते दाबता आलं नाही. त्यांचे खांदे हलू लागले. "तो तसाच होता," डोळे पुसत ते म्हणाले. "आमची आई विचारायची, मासे धरायला बापाबरोबर जातोस ना? हो. बाप विचारायचा, शाळेत जातोस ना? हो. मग दोघं दारात उभे राहून भांडायचे आणि हा मागच्या दाराने पेरूच्या झाडावर. कधी कोणाला नाही म्हणाला नाही माझा भाऊ. म्हणून तर त्याला सगळे आपला समजायचे."

मला हसू येत नव्हतं. मला वाटत होतं की जो दाबलेला हात मी इतके दिवस जपून ठेवला होता, तोही माझा एकटीचा नव्हता. बाबांनी खरंच कोणाला उत्तर दिलं होतं? आम्हा तिघांना? की कोणालाच नाही? विगचं उत्तर खोटं असलं तर माझंही खोटं, आणि माझं खरं असलं तर काकांचंही खरं. मी शब्द शोधत होते तेव्हा झालं होतं तेच पुन्हा होत होतं.

काका माझ्याकडे झुकले. "एगुओनो, त्याचं सोड. त्याने आपल्याला काही ठरवून दिलेलं नाही, दोघांनाही नाही. तुला काय हवंय?"

"मी बाबांना विचारलं होतं तेव्हा—"

"त्याला काय हवं होतं ते नाही विचारत. तुला."

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला वाटलं उत्तर द्यायला वेळ लागेल, पण ते आधीच तयार होतं.

"मला ते इथे हवेत," मी म्हणाले. "आईजवळ. त्यांना काय हवं होतं मला माहीत नाही, काका. कधीच कळणार नाही. पण मी इबादानहून आले की कुठे जाऊ? गावी मला तुमच्याशिवाय कोण आहे? इथे दोघं एका जागी असतील तर मला येता येईल."

"हे पहिल्या दिवशी का नाही बोललीस?" काका चिडून म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या इच्छेशी मी भांडू कसा? पोरीशी भांडता येतं."

आणि ते भांडले. चांगले दोन तास. अंगणात वडिलांच्या शेजारी जागा राखून ठेवलेली आहे, ती आता काय कुत्र्यांना द्यायची? लोक काय म्हणतील, की मुडियागाला धाकटा भाऊसुद्धा घरी आणता आला नाही? आत्या एकदा त्यांच्या बाजूने बोलली, एकदा माझ्या. शेवटी ठरलं ते असं: देह आधी गावी न्यायचा, वडिलांच्या अंगणात एक रात्र ठेवायचा, जागरण तिथे, बकरा तिथे, गाणी तिथे. सकाळी परत सापेलेला. काकांनी हे मान्य केलं तेव्हा त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता, पण जिंकलेल्या माणसाचाही नव्हता. माझाही तसाच असावा.

जाण्याआधी त्यांना जागा बघायची होती. आम्ही दोघंच दफनभूमीत गेलो. आईच्या कबरीवर धूळ बसली होती. काकांनी रुमालाने तिचं नाव पुसलं. मग काठीने जमीन मोजली, इकडून आणि तिकडून, आणि पुटपुटले, "दोन्हीकडे जागा आहे."

"हो."

"मग कुठल्या बाजूला?"

कोणीतरी सांगेल असं मला अजूनही वाटत होतं, बाबांनी कधीतरी काही म्हटलेलं आठवेल असं. दर रविवारी ते कुठल्या बाजूला बसायचे? मी एकदाही त्यांच्याबरोबर आले नव्हते. काका काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना घाई नव्हती.

"डावीकडे," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली.